नैवेद्याच्या पानावरची डावी बाजू : मेंदूतल्या अमायलॉइडच्या सुजेचं एक प्रकरण

माझा दवाखाना कोथरूडला आहे, बावीस वर्षं झाली, जनरल प्रॅक्टिस. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही हे आधीच सांगतो. पण या प्रकरणात पहिल्या मुंग्या आल्या तेव्हापासून परवाच्या व्हिजिटपर्यंत मी सोबत होतो, आणि मधे दोन ठिकाणी माझा निर्णय चुकला, त्यामुळे लिहावंसं वाटलं. घरच्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

पार्श्वभूमी

काकू ६९ वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. डायबेटिस नऊ वर्षांपासून, मेटफॉर्मिनवर नीट कंट्रोल, बीपीची एक गोळी. काका बँकेतले, आणि बँकेतली सवय म्हणून घरातल्या प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद. दूध, पेपर, गॅस कधी लावला, शुगर किती आली, सगळं एकाच निळ्या वहीत. ही वही पुढे फार कामाला आली.

या आजारपणाच्या दोन वर्षं आधी काकूंना एकदा डाव्या हाताच्या करंगळीपासून मुंग्या आल्या, एकेक बोट करत तळहातावर पसरल्या, मग मनगट, कोपर आणि शेवटी ओठाचा डावा कोपरा. सात-आठ मिनिटांत संपलं. घाबरून एमआरआय केला, रिपोर्टमध्ये वयोमानानुसार बदल, ताजा स्ट्रोक नाही. टीआयए (मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटणं) असणार असं धरून अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन सुरू झालं आणि मीही ते दर महिन्याला लिहून देत राहिलो. आज विचार केला तर ती हिस्ट्रीच सांगत होती की हे टीआयए वाटत नाही. रक्तपुरवठा तुटला की हात एकदम जातो, बधिर होतो, लुळा पडतो. मुंग्या अशा बोटाबोटाने चालत वर जात असतील तर मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी सरकतंय असं समजायचं, मग ते मायग्रेन असेल, फिट असेल किंवा पृष्ठभागावर झिरपलेलं थोडंसं रक्त असेल.

अडचण कशी सुरू झाली

श्रावणात डोकं दुखायला लागलं, कधी नव्हे ते. मग चिडचिड, सारखी झोप, बोलता बोलता विषय सुटणं. काका म्हणाले वय झालं, सुनेला वाटलं ऐकू कमी येतंय. मी बीपी बघितलं, १३२/८०, शुगर बघितली, बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडच्या टेस्ट लिहून दिल्या, त्या नॉर्मल आल्या, आणि दोन आठवड्यांनी या म्हणालो.

गौरीजेवणाच्या दिवशी नैवेद्याचं पान काकूंनीच वाढलं, दरवर्षीसारखं. मधे वरणभाताची मूद, उजवीकडे दोन भाज्या, आमटी, पुरणपोळी, आणि डावीकडे काहीच नाही. मीठ नाही, लिंबू नाही, चटणी, कोशिंबीर, पंचामृत काही नाही. अर्धं केळीचं पान कोरं. जाऊबाईंनी नंतर गुपचूप वाढलं, सणाचा दिवस, कोण बोलणार. पण काकांनी रात्री वहीत लिहिलं: "हिने डावी बाजू वाढली नाही. जेवतानाही डावीकडचं तसंच ठेवलं. विचारलं तर म्हणाली, होतं कुठे?"

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं ते चव गेली असावी म्हणून. मी घरी गेलो, कागदावर घड्याळ काढायला लावलं, आणि गणिताच्या बाईंनी बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले, डावा अर्धा रिकामा. नजर नीट होती, डोळ्यांचा प्रश्न नव्हता. डावीकडचं जगच त्यांच्या हिशोबातून गेलं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पॅरायटल, म्हणजे वरच्या-मागच्या भागात काहीतरी चाललंय एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजीची अपॉइंटमेंट घेऊ असं ठरलं, आणि त्याच पहाटे डावा हात झटके द्यायला लागला, मग सगळं अंग. रस्त्यांवर मांडव आणि मिरवणुकांची तयारी, अँब्युलन्सला कर्वे रोडवरून जायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

पहिलं निदान आणि ते का पटलं नाही

कॅज्युअल्टीत सीटी झाला. उजव्या बाजूला मागे मोठा काळसर भाग. पहिलं मत पडलं स्ट्रोक, दुसरं पडलं ट्यूमर. फिटचं औषध, सूज उतरवायला मॅनिटॉल सुरू झालं. स्ट्रोक म्हणून अॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं दुसरं औषधही चढवलं.

मला आणि ज्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडम नंतर आल्या त्यांना एकच गोष्ट खटकली: दुखणं महिनाभर हळूहळू वाढत गेलेलं होतं. स्ट्रोक असा चढत नाही. आणि नेहमीचा स्मृतिभ्रंश काही आठवड्यांत एवढा खाली येत नाही, तो वर्षांच्या हिशोबाने सरकतो. आठवड्यांच्या हिशोबाने बिघडतंय म्हणजे सूज, जंतू, कॅन्सर किंवा इम्यून सिस्टिम, यातलं काहीतरी.

एमआरआयमध्ये फ्लेअर सिक्वेन्सवर (सूज पांढरी दाखवणारा स्कॅनचा प्रकार) उजवीकडे टेम्पोरल, पॅरायटल, ऑक्सिपिटल मिळून पांढऱ्या भागात भलीमोठी सूज, अगदी कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) खालपर्यंत गेलेली, डावीकडे मात्र नाममात्र. डिफ्यूजनवर काही नाही म्हणजे ताजा स्ट्रोक नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूच्या आवरणाला थोडीशी चमक, गाठ नाही. रिपोर्टच्या शेवटी चार शक्यता लिहिलेल्या, लो ग्रेड ग्लायोमा (मेंदूतली सावकाश वाढणारी गाठ), लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), एन्केफलायटिस (मेंदूज्वर), टीबी. आणि बारीक, जुनं रक्त दाखवणारा एसडब्ल्यूआय सिक्वेन्स केलाच नव्हता, पेशंट हलत होती म्हणून स्कॅन लवकर आटपला होता.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी थोडं गुंगीचं औषध देऊन फक्त तेवढ्यासाठी काकूंना पुन्हा मशीनमध्ये पाठवलं. नातेवाईक वैतागले, परत खर्च, परत तेच मशीन. पण त्या पाच-सहा मिनिटांच्या सिक्वेन्सने सगळं फिरलं. स्क्रीनवर दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सच्या कडेने काळे ठिपके, मिरी भरडून टाकल्यासारखे, मागच्या बाजूला जास्त; एकेक ठिपका म्हणजे बारीक रक्तस्रावाची खूण. उजवीकडे एका घडीच्या दोन्ही काठांना काळी रेघ, म्हणजे जुनं रक्त झिरपून तिथे लोह बसलेलं. आणि बेसल गँग्लिया, थॅलॅमस, पॉन्स एकदम स्वच्छ. बीपीमुळे होणारे ठिपके सहसा या खोल भागांत असतात, इथे एकही नाही.

मग काकांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची सीडी काढून आणली. तिच्यातही एसडब्ल्यूआय नव्हता, पण रेडिओलॉजिस्टनी फ्लेअरवर बोट ठेवून दाखवलं, त्याच घडीत एक बारीक पांढरी रेघ. ती मुंग्यांच्या दिवशीची. म्हणजे बहुतेक त्या दिवशी थोडं रक्त झिरपलं होतं आणि आम्ही वर रक्त पातळ करायची गोळी सुरू केली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

हा आजार नेमका काय

सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी, सीएए म्हणतात. अमायलॉइड बीटा नावाचं प्रोटीन मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं, भिंत ठिसूळ होते, झिरपते, कधी फुटते. म्हातारपणी हे बऱ्याच जणांत थोडंफार असतं. दुर्मिळ प्रकार तो, ज्यात शरीराची इम्यून सिस्टिम या साचलेल्या अमायलॉइडवरच तुटून पडते आणि रक्तवाहिन्यांभोवती सूज येते. रक्तस्रावाला आपण फारसं काही करू शकत नाही, ही सूज मात्र स्टेरॉइडने उतरू शकते, म्हणून ती ओळखणं एवढं महत्त्वाचं.

यासाठी २०१६ मध्ये निकष आले. वय ४० च्या पुढे, डोकेदुखी, वागण्यातला बदल, फिट किंवा एका बाजूची लक्षणं, एमआरआयवर दोन्हीकडे असमान आणि कॉर्टेक्सच्या लगेच खालपर्यंत पोचलेली सूज, सोबत कॉर्टेक्सजवळ किमान एक रक्तस्रावाची खूण, आणि इन्फेक्शन, कॅन्सर वगैरे दुसरं कारण नाही. एवढं जुळलं तर बायोप्सीशिवाय "प्रॉबेबल" म्हणता येतं. मूळ सीएएसाठीचे बॉस्टन निकष २०२२ मध्ये सुधारले गेले, त्यातही काकू बसत होत्या.

मॅडमनी हिस्ट्रीत एक प्रश्न विचारला जो मी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. लहानपणी किंवा तरुणपणी डोक्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं होतं का? कारण सीएएचा आणखी एक दुर्मिळ प्रकार उपचारातून आलेला असतो. पूर्वी न्यूरोसर्जरीत मृत व्यक्तींकडून घेतलेलं मेंदूचं आवरण ठिगळ म्हणून वापरायचे, लायोड्युरा नावाने ते जगभर विकलं जायचं, त्यातून अमायलॉइडचं बीज गेलं असावं आणि तीस-चाळीस वर्षांनी, कधी ऐन तिशी-चाळिशीत, मेंदूत रक्तस्राव झाला अशा केसेस गेल्या काही वर्षांत समोर आल्या. काकूंच्या कपाळावर व्रण होता, पण तो वाड्याच्या जिन्यावरून पडल्याचा, दोन टाके. आनुवंशिक प्रकारही आहेत, नेदरलँड्समधल्या काही कुटुंबांत एपीपी जीनमधल्या बदलामुळे, आइसलँडमध्ये सिस्टॅटिन सी मुळे, पण त्यात माणसं बऱ्याच कमी वयात आजारी पडतात आणि घराण्यात तशी उदाहरणं असतात. इथे नव्हती. मुलाला ही भीती होती, ती तेवढ्यापुरती गेली.

पर्याय आणि वाद

इथे खरा कस लागला. एका खोलीत न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, फिजिशियन, मी आणि घरची तीन माणसं.

पहिला पर्याय बायोप्सी. निदान पक्कं करायचा तोच मार्ग, आणि सर्जन तयार होते. पण सूज होती त्या भागातल्या रक्तवाहिन्या आधीच ठिसूळ, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही अंगात, ते उतरायला आठवडाभर तरी थांबावं लागणार, आणि काकू रोज थोड्या थोड्या खाली जात होत्या.

दुसरा पर्याय थेट स्टेरॉइड. यात दोन भीती. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तो तात्पुरता विरघळतो आणि मग बायोप्सीत काही सापडत नाही. पण गाठ नव्हती, तशी चमक नव्हती, छाती-पोटाच्या सीटीत काही नव्हतं. दुसरी भीती आपल्याकडची, टीबी. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रोटीन ७८, पेशी ६, साखर नॉर्मल, सीबीनॅट (टीबीची टेस्ट) निगेटिव्ह, क्रिप्टोकॉकस (एक बुरशी) निगेटिव्ह, कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबी मेनिंजायटिसमध्ये पाण्यातली साखर सहसा उतरते, पेशी बऱ्याच जास्त असतात.

तिसरा पर्याय फिजिशियन मांडत होते आणि तो आपल्याकडे फार सहज निवडला जातो: एकेटीही (टीबीची औषधं) सुरू करू, स्टेरॉइडही देऊ, दोन्हीकडून कव्हर. मला आधी हे सुरक्षित वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, दोन्ही दिलं आणि बरं वाटलं तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही, मग टीबीची औषधं वर्षभर चालवावी लागतील, त्यात लिव्हर बिघडली किंवा रिफॅम्पिसिनमुळे स्टेरॉइडचा असर कमी झाला तर पुन्हा गोंधळ. रिफॅम्पिसिन स्टेरॉइड लवकर संपवतं हे मलाही माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नव्हतं.

ठरलं असं: दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद, स्टेरॉइड सुरू, एकेटी नाही, आणि तीन आठवड्यांत स्पष्ट सुधारणा नसेल तर बायोप्सी. ही तारीख काकांनी सगळ्यांसमोर वहीत लिहून घेतली.

मुलाने एक चांगला प्रश्न विचारला. अमेरिकेत अमायलॉइड काढून टाकणारी नवीन औषधं आलीत ना, ती का नाही? लेकॅनिमॅबला तिथे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, खरंय. पण त्या औषधांचा जो मोठा साइड इफेक्ट आहे, मेंदूत सूज आणि बारीक रक्तस्राव, तो एमआरआयवर जवळजवळ काकूंच्या फोटोसारखाच दिसतो. ते औषध बाहेरून अमायलॉइडविरोधी अँटिबॉडी देतं, काकूंच्या शरीराने त्या स्वतःच बनवल्या असाव्यात असं समजतात. म्हणजे आगीत तेल. अमायलॉइड साचण्याशी संबंध असलेल्या एपीओई जीनची टेस्टही विचारली गेली, पण तिने उपचार बदलणार नव्हता, म्हणून केली नाही.

काय केलं

हेपॅटायटिस बी, एचआयव्ही बघून मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम शिरेतून, पाच दिवस. मग तोंडाने प्रेडनिसोलोन ५० एमजी, वजन ५२ किलो. सोबत कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, न्यूमोनिया टाळायला कोट्रायमॉक्साझोल. शुगर दुसऱ्याच दिवशी ३८०, इन्सुलिन सुरू. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम होतं, त्यावर काकू इतक्या चिडायला लागल्या की आजाराने की औषधाने हे कळेना, मग ईसीजी बघून लॅकोसामाइडवर नेलं आणि दोन-तीन दिवसांत चिडचिड ओसरली.

चौथ्या दिवशी सुनेला नावाने हाक मारली. सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा समोर जेवणाचं ताट होतं. डाव्या कोपऱ्यात काकडीची कोशिंबीर, त्यांनी चमचा तिकडे नेला, एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कोणी घातलंय की नाही?" काका उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले, मी पण थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

सहा आठवड्यांच्या एमआरआयवर सूज जवळजवळ गेलेली. काळे ठिपके तसेच, ते जात नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं ते बरं झालं.

परत उलटलं ते

इथली चूक माझी. मॅडमनी स्टेरॉइड फार सावकाश उतरवायला सांगितलं होतं, महिन्याला थोडं थोडं. पण काकूंचा चेहरा सुजला, रात्ररात्र झोप नाही, इन्सुलिनचे युनिट वाढत चालले, घरचे रोज मला फोन करायचे आणि मॅडमची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. मी दर आठवड्याला १० एमजी कमी केलं, म्हणजे ४० वरून १० वर तीन आठवड्यांत. माझ्या डोक्यात डायबेटिस होता, मेंदू नव्हता. एक फोन करून विचारायला हवं होतं, तो केला नाही.

१० एमजीवर आल्यावर अकराव्या दिवशी वहीत नोंद, "परत डोकं. डावी चप्पल सापडत नाही म्हणते, पायाशीच आहे." आदल्या वेळी महिना गेला होता, या वेळी काकांनी त्याच संध्याकाळी फोन केला. एमआरआय, पुन्हा सूज, या वेळी डावीकडेही थोडी. पुन्हा तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड. आणि आता एकट्या स्टेरॉइडवर भागणार नाही म्हणून इम्यून सिस्टिम दाबणारं दुसरं औषध जोडायचं ठरलं. सायक्लोफॉस्फमाइड, अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, तिघांचीही चर्चा झाली. यातलं कुठलं सरस हे सांगणाऱ्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या या आजारात नाहीत, आजारच इतका कमी दिसतो. वय, डायबेटिस आणि इन्फेक्शनची भीती बघून मायकोफेनोलेट घेतलं, दर महिन्याला सीबीसी आणि लिव्हरच्या टेस्ट. स्टेरॉइड या वेळी आठ महिन्यांत उतरवलं, प्रत्येक पायरीला मॅडमना मेसेज टाकून.

काय वेगळं करता आलं असतं

अॅस्पिरिनबद्दल मी सगळ्यात जास्त विचार करतो. ते दिलंच नसतं तर सूज आली नसती असं नाही, सुजेचा त्याच्याशी संबंध नाही. पण दोन वर्षं एका झिरपणाऱ्या रक्तवाहिनीवर आम्ही रक्त पातळ ठेवलं आणि मोठा रक्तस्राव झाला नाही हे नशीब. आता साठीच्या पुढच्या पेशंटला चालत जाणाऱ्या मुंग्या आल्या तर मी एमआरआयच्या चिठ्ठीवर एसडब्ल्यूआय असं स्वतः लिहितो, आणि स्क्रीनिंग एमआरआय नको, पूर्ण करा म्हणतो. पेशंट हलतोय म्हणून सिक्वेन्स राहिला असेल तर रिपोर्टमध्ये ते शोधतो. ही सिक्वेन्स तालुक्याच्या सेंटरवरही बऱ्याच मशीनमध्ये असते, मागावी मात्र लागते.

श्रावणातल्या त्या दोन आठवड्यांबद्दल मला खात्री नाही. डोकेदुखी आणि चिडचिड एवढ्यावर प्रत्येकाला एमआरआय सांगता येत नाही. पण कधी डोकं न दुखणाऱ्या ६९ वर्षांच्या बाईंचं नव्याने डोकं दुखतंय, हे एकटंच खरं तर पुरेसं होतं. घड्याळ काढायला मी पहिल्याच व्हिजिटला लावू शकलो असतो, दोन मिनिटं लागतात.

बायोप्सी न करण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण तो बरोबर वाटतोय तो तीन आठवड्यांची तारीख लावली होती म्हणून. तारीख नसती तर आम्ही थोडं बरं वाटतंय असं म्हणत महिनोन्महिने ढकलत राहिलो असतो. आणि आपल्याकडे स्टेरॉइड द्यायच्या आधी टीबीचा विचार पाण्याच्या तपासणीसकट पूर्ण करायलाच हवा, एकेटी नाही म्हणायचा हक्क त्या तपासणीतूनच मिळतो.

आत्ता कुठे आहे

पहिल्या फिटला आता सतरा महिने झाले. काकू स्वयंपाक करतात, नातवाला सातवीचं गणित शिकवतात, पण तोंडी गुणाकारात पूर्वीचा वेग नाही आणि त्यांना स्वतःला ते कळतं, त्याचं वाईट वाटतं. एकट्या रस्ता ओलांडत नाहीत, डावीकडून येणारी रिक्षा अजून कधीकधी उशिरा दिसते. बीपी १३० च्या खाली ठेवतोय. फ्रिजवर काकांनी कागद चिकटवलाय, "अॅस्पिरिन नको, ब्रूफेन नको, दुखलं तर पॅरासिटामॉल", गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने मधे डायक्लोफिनॅक दिलं होतं तेव्हापासून.

पुढच्या महिन्यात मायकोफेनोलेट चालू ठेवायचं की कमी करायचं हे ठरेल. मॅडम म्हणतात आधी एमआरआय, एसडब्ल्यूआय आणि फ्लेअर दोन्ही, मागच्या सीडीशेजारी ठेवून बघू. काकांनी तारीख वहीत लिहिली आहे, आणि खाली त्या आठवड्यातली नोंद, "आज ताट हिने वाढलं. डावी बाजू पूर्ण. लिंबू कापायचं विसरली, पण ते मीही विसरतो."